अभिजात चित्रपट आणि हरवलेले रीळ

१९८६ सालची गोष्ट. मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात मी नुकताच इतिहास शिकवू लागलो होतो. गावात एक फिल्म सोसायटी होती. तिने दोन दिवसांचे चित्रपट रसास्वाद शिबिर भरवले. १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर, भिंतीवर ताणलेली चादर आणि समोर सतरंजीवर चाळीस-पन्नास माणसे. ‘पथेर पांचाली’ मी तिथे प्रथम पाहिला. ‘बायसिकल थीव्ह्ज’ही तिथेच पाहिला. चोरीला गेलेल्या सायकलीसाठी रोम शहर पालथे घालणारा बाप आणि त्याच्या मागून पळत चालणारा पोरगा मला परके वाटले नाहीत. मजुरी सायकलीवर अवलंबून असणे म्हणजे काय हे आमच्या वस्तीत कुणाला समजावून सांगावे लागत नव्हते. जगाचा सिनेमा आपलाही आहे असे त्या दिवशी वाटले, आणि त्या शिबिराचे ते ऋण मी आजही मानतो.

दुसऱ्या दिवशी संकलनावर व्याख्यान होते. व्याख्याते अभ्यासू होते. डी. डब्ल्यू. ग्रिफिथ या अमेरिकन दिग्दर्शकाच्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ या १९१५ सालच्या मूकपटाचा शेवटचा भाग त्यांनी दाखवला. एका झोपडीत गोरे कुटुंब अडकले आहे. बाहेर काळे सैनिक दार फोडत आहेत. तिकडे पांढरे झगे पांघरलेले स्वार घोडे फेकीत निघाले आहेत. झोपडी, स्वार, पुन्हा झोपडी, पुन्हा स्वार. तुकडे लहान होत जातात, वेग वाढत जातो, आणि दार मोडणार तोच स्वार पोहोचतात. सतरंजीवर बसलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. खरे सांगायचे तर माझेही हात टाळीसाठी उचलले गेले होते.

मग मी उभा राहून विचारले, “सर, हे झगेवाले स्वार कोण?” ते म्हणाले, “कू क्लक्स क्लॅन. पण त्या वादात आज आपण शिरायला नको. आशय बाजूला ठेवा आणि आकार पाहा.” मी खाली बसलो. तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते.

पण ते वाक्य डोक्यातून गेले नाही. त्या काळात आमच्या कवींना आणि कथाकारांना जे समीक्षक भेटत, ते याच्या नेमके उलट बोलत. तुमचा आशय ज्वलंत आहे, पण आकार कुठे आहे, असे ते विचारत. म्हणजे आम्ही लिहिले की आशय असून भागत नाही, आणि आमच्यासारख्यांना पडद्यावर चिरडले की आशय पाहायचा नाही. हा न्याय कुठला? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी एका दुसऱ्या माणसापर्यंत पोहोचलो, ज्याचे नाव त्या शिबिरात कुणीच घेतले नव्हते. त्या माणसाची आणि त्याच्या हरवलेल्या रिळांची ही हकिकत आहे.

१

प्रथम ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ समजून घेतला पाहिजे. थॉमस डिक्सन या दक्षिणेकडील लेखकाच्या ‘द क्लॅन्समन’ या १९०५ च्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. १२ रिळांचा, सुमारे तीन तासांचा हा मूकपट ८ फेब्रुवारी १९१५ रोजी लॉस एंजेलिसमध्ये प्रथम दाखवला गेला. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले, गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली आणि पुढची बारा वर्षे दक्षिणेत पुनर्रचनेचा प्रयोग चालला. काल गुलाम असलेली माणसे मतदान करू लागली, काही विधिमंडळात निवडूनही आली. ग्रिफिथने या काळाचे चित्र कसे काढले? दक्षिण कॅरोलिनाच्या विधिमंडळातले काळे सभासद अनवाणी पाय मेजावर टाकून बसले आहेत, खात आहेत, दारू पीत आहेत. गस नावाचा काळा सैनिक एका गोऱ्या मुलीच्या मागे लागतो आणि ती कड्यावरून उडी टाकून जीव देते. क्लॅनचे लोक गसला मारून त्याचे प्रेत टाकून जातात. शेवटी मतदानाच्या दिवशी काळ्या वस्तीत माणसे घराबाहेर पडतात तो समोर बंदुका घेतलेले स्वार उभे! माणसे मुकाट्याने घरात परत जातात. एका समाजाचा मताधिकार हिरावून घेतला जातो आणि त्या प्रसंगाला राष्ट्राचा जन्म असे नाव दिले जाते.

यातील महत्त्वाच्या काळ्या भूमिका गोऱ्या नटांनी तोंडाला काळे फासून केल्या. ज्याची बदनामी करायची त्याला पडद्यावर स्वतःच्या चेहऱ्यानेही उभे राहू दिले नाही.

१८ फेब्रुवारी १९१५ रोजी हा चित्रपट राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्यासाठी व्हाइट हाउसमध्ये दाखवण्यात आला. विल्सन स्वतः इतिहासाचे प्राध्यापक. त्यांच्या इतिहासग्रंथातील मजकूर चित्रपटाच्या फलकांवर प्रमाण म्हणून छापला होता. २५ नोव्हेंबर १९१५ च्या रात्री विल्यम सिमन्स नावाच्या माणसाने जॉर्जियातील स्टोन माउंटन या डोंगरावर क्रूस पेटवून मेलेली क्लॅन पुन्हा उभी केली. दहा-अकरा दिवसांनी हाच चित्रपट जवळच्या अटलांटा शहरात लागला, तेव्हा क्लॅनची जाहिरात त्याच्या जाहिरातीशेजारी झळकली. पुढच्या दहा वर्षांत ही संघटना लाखो सभासदांची झाली. तेव्हा आशय बाजूला ठेवा असे आपण एकवेळ म्हणू, पण आशयाने आपल्याला बाजूला ठेवलेले नसते.

२

या इतिहासाचा आपल्याशी एक संबंध आहे, आणि तो मला फार उशिरा लक्षात आला. १९१३ च्या जुलैमध्ये एक बावीस वर्षांचा तरुण न्यूयॉर्कला उतरला आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. तो १९१६ पर्यंत त्या शहरात होता. ३ मार्च १९१५ रोजी न्यूयॉर्कच्या लिबर्टी थिएटरात ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ लागला आणि वर्ष संपत येईपर्यंत चालला. तिकीट दोन डॉलरपर्यंत होते, जे त्या काळी नाटकाचे तिकीट असे. त्याच वर्षी जूनमध्ये भीमराव रामजी आंबेडकर एम. ए. झाले. पुढच्या वर्षी, ९ मे १९१६ रोजी, त्यांनी भारतातील जातिसंस्थेवरचा आपला निबंध कोलंबियातच वाचला.

बाबासाहेबांनी हा चित्रपट पाहिला असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. या चित्रपटात पुनर्रचनेच्या काळाचे जे विपरीत चित्र आहे, त्याला विद्वत्तेची प्रतिष्ठा देणाऱ्या इतिहासकारांचा गट कोलंबियातच होता. विल्यम डनिंग हे त्यांचे अग्रणी तेव्हा तिथे शिकवत होते. काळ्यांना मताधिकार देणे ही घोडचूक होती, असे ही मंडळी पाठ्यपुस्तकांतून सांगत होती. पडद्यावरचा खोटेपणा आणि वर्गातला खोटेपणा एकमेकांना आधार देत होते. या मांडणीला सविस्तर उत्तर डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी १९३५ मध्ये आपल्या पुनर्रचनेवरील ग्रंथातून दिले. त्याच डू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले. अस्पृश्य आणि अमेरिकेतील काळे यांच्या स्थितीत इतके साम्य आहे की त्यांच्या प्रश्नाचा अभ्यास आपल्याला आवश्यकच आहे, असा त्याचा आशय होता. डू बॉइस यांचे उत्तर त्याच वर्षी ३१ जुलैला गेले.

१९७२ मध्ये दलित पँथरने आपले नाव कुठून घेतले हे सर्वांना माहीत आहे. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी काळ्या साहित्याची ओळख मराठीला करून दिली. आम्ही रिचर्ड राइट, लँग्स्टन ह्यूज, जेम्स बॉल्डविन ही नावे तोंडपाठ केली. पण काळ्यांच्या चित्रपटाचा इतिहास मात्र आमच्याकडे आलाच नाही. सिनेमा आम्ही फिल्म सोसायट्यांच्या हाती सोडून दिला होता.

३

चित्रपट लागला तेव्हा काळे लोक गप्प बसले नव्हते. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने, एन. ए. ए. सी. पी.ने, गावोगावी बंदीची मागणी केली. बॉस्टनमध्ये विल्यम मनरो ट्रॉटर यांनी एप्रिल १९१५ मध्ये थिएटरासमोर निदर्शने केली आणि त्यांना अटक झाली. काही शहरांत बंदी आली, काही ठिकाणी प्रसंग कापले गेले. बहुतेक ठिकाणी वादामुळे गर्दी वाढली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच फेब्रुवारीत असा निकाल दिला होता की चित्रपट हा निव्वळ धंदा आहे, त्याला विचारस्वातंत्र्याचे संरक्षण नाही. त्यामुळे राज्यांची आणि शहरांची सेन्सॉर मंडळे बळकट झाली होती. हे हत्यार पुढे कुणावर चालले ते आता पाहू.

ऑस्कर मिशो यांचा जन्म २ जानेवारी १८८४ चा, इलिनॉय राज्यातील. वडील गुलामगिरीत जन्मलेले. मिशो यांनी आगगाडीच्या शयनयानात हमाल म्हणून काम केले, साठवलेल्या पैशांतून दक्षिण डाकोटात जमीन घेतली आणि गोऱ्या शेतकऱ्यांच्या मुलखात एकट्याने नांगर धरला. शेती बुडाली. मग त्यांनी आपल्या आयुष्यावर कादंबऱ्या लिहिल्या, स्वतःच छापल्या आणि दारोदार फिरून विकल्या. ‘द होमस्टेडर’ ही त्यांची १९१७ ची कादंबरी. लिंकन मोशन पिक्चर कंपनी या काळ्यांच्याच कंपनीने तिच्यावर चित्रपट काढायचे ठरवले. मिशो यांनी अट घातली की दिग्दर्शन मी करीन. चित्रपटाचा अनुभव? शून्य. कंपनीने नकार दिला. तेव्हा त्यांनी स्वतःची कंपनी काढली, ओळखीच्या शेतकऱ्यांना तिचे भाग विकले, आणि १९१९ च्या फेब्रुवारीत ‘द होमस्टेडर’ शिकागोत झळकला. अमेरिकेतील काळ्या माणसाने काढलेला हा पहिला पूर्ण लांबीचा कथापट समजला जातो. आज तो उपलब्ध नाही.

त्याच वर्षी, २७ जुलै १९१९ रोजी, शिकागोत वर्णद्वेषी दंगल पेटली. मिशिगन सरोवरात पोहणारा एक काळा मुलगा गोऱ्यांच्या पाण्याच्या हद्दीकडे गेला म्हणून दगड खाऊन बुडाला. पाणी, हद्द आणि दगड या तीन गोष्टी महाडच्या वाचकाला अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. दंगलीत ३८ माणसे मेली. त्यांतील २३ काळी होती. या राखेवर उभे राहून मिशो यांनी आपला दुसरा चित्रपट काढला. नाव ‘विदिन अवर गेट्स’, म्हणजे आपल्याच वेशीच्या आत.

शिकागोच्या सेन्सॉरने त्याला प्रथम परवानगी नाकारली. दंगल पुन्हा होईल, हे कारण. विरोध करणाऱ्यांत काळ्या समाजातील प्रतिष्ठित मंडळीही होती. शेवटी जानेवारी १९२० मध्ये तो लागला. पुढे वेगवेगळ्या शहरांत वेगवेगळे प्रसंग कापले गेले. दक्षिणेत अनेकांनी तो लावलाच नाही. काळ्यांची बदनामी करणारा चित्रपट देशभर धंदा करून गेला होता. ती बदनामी खोटी आहे असे सांगणारा चित्रपट मात्र शांततेला धोका ठरला.

कार्यकर्त्यांनी या ठिकाणी थोडे थांबावे असे मला वाटते. बंदीची मागणी करणे समजण्यासारखे आहे, अपमान झालेला माणूस दुसरे काय करणार? पण बंदीची यंत्रणा एकदा उभी राहिली की ती दुबळ्याच्या शब्दावर आधी चालते. १९८७-८८ मध्ये बाबासाहेबांच्या ‘रिडल्स इन हिंदुइझम’मधील परिशिष्ट गाळण्याची मागणी झाली, तेव्हा ते वाचवण्यासाठी आपल्यालाच मुंबईच्या रस्त्यावर उतरावे लागले होते.

४

‘विदिन अवर गेट्स’ची नायिका सिल्व्हिया लँड्री ही शिक्षिका आहे. दक्षिणेतील काळ्या मुलांच्या एका गरीब शाळेसाठी पाच हजार डॉलर गोळा करायला ती उत्तरेत बॉस्टनला जाते. तिथे एक श्रीमंत गोरी बाई मदत करायला तयार होते. दक्षिणेची दुसरी गोरी बाई तिला सल्ला देते की शाळेला पैसे कशाला, नेड नावाच्या काळ्या धर्मोपदेशकाला शंभर डॉलर द्या म्हणजे पुरे, तो त्यांना मतदानापासून दूर ठेवील. मग हा नेड दिसतो. गोऱ्या साहेबांसमोर हसतो, वाकतो, लाथ खातो, तरी हसतो. दार बंद होताच त्याचा चेहरा उतरतो. आपण आपल्या माणसांना विकले हे तो एकटा असताना कबूल करतो. तो क्षण मी पाहिला तेव्हा आपल्याकडची काही पुढारी माणसे माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. नावे वाचकांनीच घालावीत.

शेवटच्या भागात सिल्व्हियाचा भूतकाळ येतो. तिला वाढवणारे जास्पर लँड्री हे कूळ. सिल्व्हिया शिकलेली, म्हणून घरचा हिशोब तीच लिहिते. तो कागद घेऊन लँड्री जमीनदाराकडे जातात. एका काळ्या कुळाने हिशोब मागावा हेच जमीनदाराला सहन होत नाही. वाद होतो. तेवढ्यात खिडकीतून गोळी येते आणि जमीनदार मरतो. गोळी झाडणारा असतो जमीनदाराने नाडलेला एक गरीब गोरा. पण जमीनदाराचा चुगलखोर काळा नोकर एफ्रम धावत जाऊन लँड्रीने खून केला म्हणून सांगतो. झुंड निघते. तिच्यात बाया आहेत, पोरे आहेत. लँड्री सापडेपर्यंत झुंडीला धीर धरवत नाही, तेव्हा ती एफ्रमलाच धरते. गोरे आपले मित्र आहेत असे समजणारा एफ्रम त्यांच्याच हातून मरतो. पुढे लँड्री पतिपत्नी पकडली जातात. फासाचे दोर, जाळ, आणि घोड्यावरून निसटणारा त्यांचा लहान मुलगा.

याच वेळी दुसरीकडे जमीनदाराचा भाऊ सिल्व्हियाला घरात एकटी गाठतो. इथे मिशो ग्रिफिथचेच तंत्र वापरतात. दोर आणि घर, जाळ आणि झटापट, पुन्हा दोर, पुन्हा घर. ग्रिफिथच्या पडद्यावर गोरी स्त्री भयभीत होती आणि झुंड तिची तारणहार होती. इथे काळी स्त्री झगडते आहे आणि झुंड तिच्या आईबापांना जाळते आहे. झटापटीत तिच्या छातीवरचा जुना व्रण त्या माणसाला दिसतो आणि त्याला कळते की ही आपलीच मुलगी आहे. काळ्या स्त्रीपासून झालेली आणि विसरलेली. गोऱ्या स्त्रीच्या अब्रूसाठी म्हणून हजारो काळे पुरुष मारले गेले. टस्कीगी संस्थेच्या नोंदींप्रमाणे १८८२ ते १९६८ या काळात ३,४४६ काळी माणसे झुंडींनी ठार केली. पण अब्रू खरोखर कुणाची लुटली जात होती, हे या दोन समांतर प्रसंगांत मिशो दाखवतात.

म्हणजे आकार आणि आशय यांचे भांडण इथे मिटते. तेच समांतर संकलन, तीच चढत जाणारी लय, पण पाहणाऱ्याची जागा बदलली की तंत्राचा अर्थ उलटा होतो. सोव्हिएत दिग्दर्शक सर्गेई आयझेन्स्टाइन यांनी १९४४ मध्ये डिकन्स आणि ग्रिफिथ यांच्यावरील निबंधात हीच गोष्ट वेगळ्या अंगाने मांडली. त्यांनी ग्रिफिथचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. पण कधीच एकत्र न येणाऱ्या दोन रेषांतून पाहण्याची ही रीत समाजाकडे गरीब आणि श्रीमंत अशा दोन समांतर रेषा म्हणून पाहणाऱ्या दृष्टीतून आली, असेही त्यांनी दाखवले. त्या शिबिरात आम्हाला आयझेन्स्टाइनचा ‘बॅटलशिप पोटेमकिन’ दाखवला होता. आयझेन्स्टाइनचे हे म्हणणे कुणी सांगितले नव्हते.

५

आता रिळांची गोष्ट. मिशो यांनी १९१९ ते १९४८ या काळात चाळीसहून अधिक चित्रपट काढले. मोठ्या कंपन्यांची थिएटरे त्यांना नव्हती. काळ्या वस्त्यांतली थिएटरे, आणि इतरत्र मध्यरात्रीचे खेळ. मोटारीतून गावोगाव हिंडायचे, पुढच्या चित्रपटाची छायाचित्रे थिएटरवाल्याला दाखवायची, आगाऊ पैसे घ्यायचे, त्यातून तो चित्रपट काढायचा. आपल्याकडे भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा जसा मिळेल त्या गाडीने गावोगाव जात होता, तशातलाच हा प्रकार. १९२८ मध्ये मिशो यांचे दिवाळे निघाले. ते पुन्हा उभे राहिले. ‘बॉडी अँड सोल’ या १९२५ च्या चित्रपटातून पॉल रॉब्सन यांना त्यांनीच प्रथम पडद्यावर आणले. २५ मार्च १९५१ रोजी ते वारले, तेव्हा चित्रपटाच्या इतिहासात त्यांना जागा नव्हती.

त्यांच्या मूकपटांपैकी फक्त तीन आज पाहता येतात. अमेरिकेतले बहुतेक मूकपट नष्ट झाले हे खरे आहे. नायट्रेटची फीत जळते, सडते. पण सगळे सारखे नष्ट झाले नाहीत. ज्यांच्या प्रती पुष्कळ, ज्यांचे मालक सधन, ज्यांना अभिजात म्हणून जपले गेले ते टिकले. ‘विदिन अवर गेट्स’ची अमेरिकेत एकही प्रत उरली नाही. १९७० च्या दशकात माद्रिदच्या चित्रपट संग्रहालयात ‘ला नेग्रा’, म्हणजे काळी स्त्री, या नावाचा एक स्पॅनिश फलकांचा मूकपट सापडला. तो हाच होता. मूळ इंग्रजी फलकांपैकी जेमतेम चार उरले होते. बाकीचे स्पॅनिशवरून पुन्हा इंग्रजीत आणावे लागले. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने १९९३ मध्ये तो दुरुस्त करून पूर्ण केला. स्वतःच्या देशाने हरवलेले शब्द परक्या भाषेतून परत आणावे लागले.

दुसरा ‘द सिंबॉल ऑफ द अनकाँकर्ड’, हाही १९२० चा. तो बेल्जियममध्ये सापडला, फ्रेंच आणि फ्लेमिश फलकांसह. यात क्लॅनसारखे झगेवाले स्वार एका काळ्या माणसाला त्याच्या जमिनीवरून हुसकायला येतात आणि मार खाऊन पळतात. त्या वेळच्या वर्तमानपत्राने लिहिले आहे की स्वारांची धूळधाण हाच चित्रपटाचा सर्वांत मोठा क्षण होता आणि त्यात विटा घेतलेल्या एका काळ्या माणसाचा वाटा मोठा होता. आज जी प्रत आहे तिच्यात नेमका हाच प्रसंग नाही. स्वार येताना दिसतात, पळताना दिसत नाहीत.

हे वाचले त्या रात्री मला शिबिरातली ती टाळी आठवली. क्लॅनच्या विजयाचे रीळ जगभर सुरक्षित आहे, वर्गावर्गांतून दाखवले जाते. क्लॅनच्या पराभवाचे रीळ हरवले आहे. मग रसास्वादाच्या वर्गात आम्ही कशाचा आस्वाद घेणार? जे उरले त्याचाच. आणि जे उरले ते कुणी उरवले, हा प्रश्न विचारला नाही तर आम्ही उरलेल्यालाच श्रेष्ठ म्हणू लागतो. क्लासिक या शब्दाला आपण मराठीत अभिजात म्हणतो. अभिजात म्हणजे मुळात चांगल्या कुळात जन्मलेला. हा शब्द कुणी दुष्टपणाने निवडला असे मी म्हणत नाही, पण तो नको तितके खरे बोलून जातो.

अमेरिकेत या हिशोबाची थोडी दुरुस्ती झाली. १९९२ साली राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ आणि ‘विदिन अवर गेट्स’ हे दोन्ही एकाच यादीत दाखल झाले. १९९९ मध्ये दिग्दर्शकांच्या संघटनेने आपल्या सर्वोच्च पुरस्काराला दिलेले ग्रिफिथचे नाव काढून टाकले. नाव काढले तरी चित्रपट राहतोच. तो पाहावा, पण दुसऱ्यासह पाहावा, असे माझे मत आहे.

६

मिशो यांचा देव करण्याचे कारण नाही. त्यांचे अनेक नायक-नायिका गोरटेले आहेत, आणि सिल्व्हियाच्या अंगात शेवटी गोऱ्याचेच रक्त निघते. १९३८ मध्ये त्यांच्या ‘गॉड्स स्टेप चिल्ड्रन’विरुद्ध हार्लेममध्ये काळ्या तरुणांनीच निदर्शने केली. रंगावरून माणसात भेद करणारा हा चित्रपट आपली बदनामी करतो, असे त्यांचे म्हणणे होते. आणि ते बरोबर होते. ‘विदिन अवर गेट्स’च्या शेवटी एक डॉक्टर सिल्व्हियाला देशाचा अभिमान बाळग म्हणून सांगतो, तेही जाळानंतर लगेच. ते मला आजही खटकते. आपल्या माणसाची कलाकृती म्हणून दोष झाकणे हासुद्धा एक प्रकारचा कमीपणाच आहे. पोटजातींची उतरंड मनात बाळगणाऱ्या आपल्या लेखनालाही हेच लागू आहे.

काही वर्षांपूर्वी मी ‘विदिन अवर गेट्स’ आमच्या वसतिगृहातील मुलामुलींना दाखवला. आता प्रोजेक्टर लागत नाही, चित्रपट कुणालाही सहज पाहायला मिळतो. मुले सुरुवातीला कंटाळली. आवाज नाही, चेहरे अनोळखी. हिशोबाचा कागद घेऊन लँड्री जमीनदाराच्या दारात उभा राहिला तेव्हा खोली एकदम शांत झाली. नंतर बी. ए.ची एक मुलगी म्हणाली, “सर, माझे वडील सालगडी आहेत. उचल किती, फिटली किती, ते वहीत मीच लिहिते. पण ती वही घेऊन मालकाकडे जायला ते तयार नाहीत.” तिने संकलन, लय, चौकट यांपैकी एकही शब्द वापरला नाही. माझ्या मते त्या खोलीतला सर्वांत खोल रसास्वाद तिनेच घेतला होता. तंत्राचे शब्द तिला शिकवणे माझे काम आहे. तिच्याकडून वही घेऊन वाचणे हेही माझेच काम आहे.

दुसऱ्या एका मुलाने विचारले, “विटांचा प्रसंग कुठे मिळेल?” मी म्हणालो, मिळणार नाही. तो म्हणाला, “‘फँड्री’तला शेवटचा दगड तोच असेल.” नागराज मंजुळे यांच्या २०१३ च्या त्या चित्रपटात जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्यावर येतो. मंजुळे यांनी मिशो पाहिले होते असा त्याचा अर्थ नाही. पण हरवलेल्या जागी दुसऱ्या देशातले पोर दुसरा दगड ठेवते, हे इतिहासात घडू शकते.

शेवटी एक कबुली. १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. सतरा वर्षे ज्यासाठी माणसे मेली, वस्त्या जळल्या, तो दिवस. आमच्या एका मित्राने त्या दिवशी उसना कॅमेरा घेऊन मिरवणूक, भाषणे, रडणाऱ्या म्हाताऱ्या असे सारे व्हीएचएस कॅसेटवर उतरवले आणि जपून ठेवायला कॅसेट माझ्याकडे दिली. ती माझ्या कपाटात होती. मिशो यांच्यावर वाचायला लागल्यावर मी ती बाहेर काढली. फितीला बुरशी आली होती. सुरुवातीची सात-आठ मिनिटे दिसली, पुढे पडद्यावर नुसत्या पट्ट्या. मिशो यांची रिळे हरवली म्हणून मी इतरांना दोष देत होतो, आणि आमचे रीळ माझ्याच कपाटात सडत होते.

म्हणून वाचकांना विनंती आहे. मोर्चांच्या, जलशांच्या, परिषदांच्या, धम्मदीक्षेच्या अशा कॅसेटी आणि रिळे गावोगाव ट्रंकांत पडून आहेत. त्या शोधा. कुणी काढल्या, कुठे, कधी, हे कागदावर लिहा. दोन प्रती करून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. माझ्या कॅसेटची सात-आठ मिनिटे मी अशीच जतन केली आहेत. त्यांत एक म्हातारी विद्यापीठाच्या कमानीवरची नवी अक्षरे नातवाकडून वाचून घेते आहे.